मामांची पाहणी

मुंबईत घर असलेल्या माणसाला गावाकडचे नातेवाईक दोन कामांसाठी धरून असतात. एक मोठा दवाखाना आणि दुसरं म्युझियम. दवाखान्यासाठी येणारे पाहुणे धास्तावलेले असतात, म्युझियमसाठी येणारे हौसेने येतात. पण बाहेर पडताना दोघांचेही पाय सारखेच दुखत असतात.

इतकी वर्षं पाहुणे हिंडवल्यावर त्यांच्या जाती ओळखू यायला लागतात. सगळ्यात मोठी जात 'हे आमच्याकडे होतं'वाल्यांची. पुण्याच्या केळकर संग्रहालयात ती झुंडीने आढळते. अडकित्ता दिसला, समई दिसली, पितळी डबा दिसला, की "अगदी असंच आमच्याकडे होतं, मोडीत घातलं" हे वाक्य येतंच, आणि पाठोपाठ मोडीत कुणी घातलं यावरून काचेच्या कपाटासमोरच नवराबायकोची जुंपते. पाट्या वाचणारे निराळे. मूर्तीकडे पाठ करून ते तिची पाटी आधी मराठीत वाचतात, मग इंग्रजीत वाचून ताळा जमतो का पाहतात आणि पुढच्या पाटीकडे सरकतात. मूर्ती राहते ती राहतेच. फोटोवाल्यांबद्दल काय बोलायचं? त्यांनी म्युझियम पाहिलेलं नसतं, नेलेलं असतं.

माझे कराडचे मामा यांतल्या एकाही जातीत बसत नाहीत. ते म्युझियममध्ये ठेवलेलं काही बघतच नाहीत. ते म्युझियम बघतात. म्हणजे इमारत.

मामा 'बी अँड सी'मधून निवृत्त झाले. खात्याचं नाव बदलून 'सार्वजनिक बांधकाम विभाग' होऊन जमाना लोटला, पण मामांच्या पिढीच्या तोंडून बी अँड सी काही जात नाही. हुद्दा निवृत्तीपर्यंत बराच वर सरकला होता, तरी गल्लीत ते अजून 'ओव्हरसियरसाहेब'च. पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशात दोन पेनं, त्यातलं एक लाल. पिशवीत डायरी, टॉर्च आणि लोखंडी टेप. टेप कशाला, असं एकदा मामींनी विचारलं होतं. "तू मंगळसूत्र कशाला घालतीस?" असं उत्तर मिळाल्यावर त्यांनी तो विषय सोडला.

कुठल्याही वास्तूत शिरताना मामांची नजर आधी वर जाते. देवळात गेले तरी आधी छत, मग देव. लग्नाला गेले तर नवरानवरीच्या आधी मांडवाचे वासे. थोरल्या मुलीसाठी स्थळं बघायला सुरुवात झाली तेव्हा पहिलं स्थळ त्यांनी जिन्यातूनच नाकारलं. मुलगा बँकेत, घर स्वतःचं, माणसं सालस. पण स्लॅबला तडा. "ज्यांना पाण्याचा उतार काढता येत नाही, ते पोरगी काय सांभाळणार?" अखेर जिथे लग्न झालं, त्या घराचा सज्जा ओळंब्यात होता. आज पंधरावीस वर्षं संसार सुखाचा चाललाय आणि मामा त्याचं सगळं श्रेय सज्जाला देतात.

तर असे मामा मामींना घेऊन मुंबईला आले. मामींना म्युझियम बघायचं होतं. लग्नानंतर एकदा येऊन गेल्या होत्या, त्याचं नाव 'प्रिन्स ऑफ वेल्स' होतं तेव्हा, आणि गर्दीत काही नीट बघता आलं नव्हतं. मामा त्यांना सोडायला म्हणून आले.

छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या बागेत शिरलो आणि मामा थांबले. मला वाटलं, दम लागला. पण ते मान वर करून घुमटाकडे बघत होते. मग खाली, मग कोपऱ्याकडे, मग परत वर. मामी अनुभवी. त्यांनी सावलीतला बाक गाठला आणि पर्समधून शेंगदाण्याचा लाडू काढला.

"दगड कुठला?" मामांनी विचारलं.

इतक्या पाहुण्यांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. नशिबाने उत्तर ठाऊक होतं. काळसर आहे तो कुर्ल्याचा बेसाल्ट आणि पिवळट आहे तो मालाडचा दगड.

"कुर्ल्याला खाण होती?"

"होती म्हणायची."

"आता काय आहे?"

"स्टेशन."

मामांनी मान हलवली. काळ्या पाषाणाच्या खाणीचं स्टेशन झालं याचं त्यांना मनापासून वाईट वाटलेलं दिसलं. मग ते भिंतीजवळ गेले आणि दोन दगडांमधल्या दर्जांवरून त्यांनी बोट फिरवलं. घरात सून आली की सासू फळीवरून बोट फिरवून धूळ बघते, तसं. बोटाकडे पाहिलं. काही सापडलं नाही. चेहरा जरा पडला.

मी गाइडचं काम सुरू केलं. इमारत जॉर्ज विटेटची, ज्याने पुढे गेटवे ऑफ इंडिया उभारला तोच. धाटणी इंडो-सारासेनिक, म्हणजे घुमट इस्लामी वळणाचा, गॅलऱ्या आपल्याकडच्या, आणि हिशेब इंग्रजी. ११ नोव्हेंबर १९०५ ला प्रिन्स ऑफ वेल्सच्या हस्ते पायाभरणी. हाच प्रिन्स नंतर पाचवा जॉर्ज झाला. १९०९ मध्ये नकाशांची स्पर्धा होऊन विटेटची निवड झाली...

"थांब," मामा म्हणाले. "पायाभरणी कधी?"

"१९०५."

"आणि नकाशा?"

"१९०९."

मामांचा चेहरा असा फुलला की त्यांना नातू झाल्याची तार आली तेव्हाही इतका फुलला नसेल. "म्हणजे दगड आधी बसवला आणि काय बांधायचं ते चार वर्षांनी ठरवलं! अगं ऐकलंस का?" ते बाकाकडे बघून ओरडले. "इंग्रजाचं पण तसंच होतं!" मामींनी लाडवासकट हात हलवला.

"पुरी कधी झाली?"

"१९१४."

"आणि उद्घाटन?"

"१० जानेवारी १९२२. मधे महायुद्ध आलं, तेव्हा इथे लष्करी इस्पितळ होतं."

मामांनी डायरी काढून चारही सालं एकाखाली एक लिहिली आणि लाल पेनाने शेवटच्यातून पहिलं वजा केलं. सतरा वर्षं. त्यांच्या हातून झालेल्या तालुक्याच्या एका विश्रामगृहाला अकरा वर्षं लागली होती आणि त्यावरून पार विधानसभेत प्रश्न विचारला गेला होता. त्या प्रश्नाचं खरं उत्तर आज काळ्या घोड्यापाशी सापडलं होतं. पुढचा अख्खा दिवस ते कुणालाही, अगदी लिंबू सरबतवाल्यालासुद्धा, "सतरा वर्षं, मर्दा!" असं सांगत होते.

आत जाताना पिशवी सामानघरात ठेवावी लागली. पिशवीबरोबर टेप गेला, टॉर्च गेली. शस्त्रं काढून घेतलेल्या सरदारासारखे मामा दरबारात शिरले. पण माणूस हाडाचा मोजणारा. टेप नाही तर वीत आहे, वीत नाही तर पाऊल आहे. मधल्या दालनात अठराव्या शतकातल्या वाड्याच्या धाटणीचे लाकडी खांब आणि कठडे आहेत. ते बघून मामींनी "आमच्या आत्याच्या वाड्याला अस्साच कठडा होता" म्हणून पहिल्या जातीत नाव नोंदवलं, तेव्हा मामा दालनाची लांबी पावलांनी मोजत होते. मधे शाळेची एक सहल आली. ओळीतल्या पोरांना वाटलं, हा म्युझियममधला काही खेळ असावा. मागची पाचसहा पोरं मामांच्या मागे पावलं टाकत निघाली. मास्तरांनी त्यांना परत ओळीत आणलं आणि मामांकडे अशा नजरेने पाहिलं की त्यांनाही ओळीत उभं करावं की काय.

मग भिंत. मामांची मधल्या बोटाच्या पेराने भिंत वाजवायची जुनी पद्धत आहे. आवाजावरून गिलावा धरून आहे की सुटलाय ते त्यांना कळतं. टकटक ऐकून पहारेकरी आला.

"काका, हात लावू नका."

"मूर्तीला नाही लावला. भिंतीला लावला."

पहारेकरी घोटाळला. मूर्तीला लावू नका, चित्राला लावू नका, काचेला टेकू नका, हे सगळं त्याला पाठ होतं. भिंत वाजवणारा माणूस त्याच्या नोकरीत पहिल्यांदाच आला होता. "कशासाठी?" त्याने विचारलं. मामांनी सांगितलं. पाच मिनिटांत त्याचं गाव पाटणजवळचं निघालं, दहा मिनिटांत त्याच्या गावचा पूल मामांच्या सेक्शनमधला निघाला, आणि त्यानंतर म्युझियमच्या त्या दालनात पहारा कमी आणि पुलाच्या जोडरस्त्याची चर्चा जास्त चालली. मी ताटकळत उभा. निघताना तो म्हणाला, "काका, वाजवायची तर हळू वाजवा."

आता मामा ओल शोधत होते, हे सांगायला हवं. मुंबईचा पाऊस, समुद्र हाकेवर, शंभर वर्षांहून जुनी इमारत. कुठे तरी ओल असलीच पाहिजे, अशी त्यांची खात्री. प्रत्येक दालनाचे वरचे चार कोपरे ते आधी तपासत. खाली काचेमागे अकबर बादशहाचं चिलखत होतं. मामी त्याच्यासमोर उभ्या राहून "एवढं वजन घालून माणूस खाली बसायचा कसा, आणि बसला तर उठायचा कसा?" असा रास्त प्रश्न विचारत होत्या. मामांची मान वरच. असिरियाच्या राजवाड्यातले कोरीव दगडी पट आले. दोनअडीच हजार वर्षांहून जुने, दाढीवाले, पंखवाले. "काय काम आहे!" मी म्हणालो. "हो ना," मामा म्हणाले, "क्लॅम्प कुठे दिसू दिला नाही बघ. एवढं वजन भिंतीला धरायचं म्हणजे..." ते पटाच्या कडेला डोळा लावून मागे बघायला लागले. शेवटी दालनामागून दालनं झाली तरी ओल सापडेना, तसे ते बेचैन झाले. चांगली देखभाल म्हणजे आपल्या अनुभवावर दाखवलेला अविश्वास, असं त्यांना वाटत असावं.

एकदाच फक्त ते काचेकडे वळले. सिंधमधल्या मीरपूर खासच्या स्तूपातली, पाचव्या शतकाच्या सुमाराची मातीची शिल्पं होती. बुद्धाचा शांत चेहरा बघून मामी हात जोडून उभ्या राहिल्या. मामांनी चष्मा कपाळावर चढवला, नाक काचेला लागेल इतके जवळ गेले आणि पुटपुटले, "ही तर वीट आहे."

"भाजलेली माती, मामा."

"तेच ते. भाजणी बघ. रंग बघ, कुठे काळी पडली नाही, कुठे कच्ची राहिली नाही. दीड हजार वर्षं!" आणि मग अगदी खासगी आवाजात, "आमच्या भट्टीवाल्याची दीड पावसाळा नव्हती टिकत. त्याला इथे आणून उभा करायला पाहिजे होता." त्या भट्टीवाल्याने त्यांना नोकरीत फार छळलं असणार. बुद्धासमोर त्यांनी त्याचं नाव घेतलं नाही, एवढा त्या चेहऱ्याचा परिणाम.

समोरच्या रस्त्यापलीकडे कावसजी जहांगीर हॉल आहे. तोही विटेटचा. सभासमारंभांसाठी बांधलेला, आणि १९९६ पासून राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय. आधुनिक चित्रांपुढे आपली माणसं सहसा दोनच गोष्टी करतात: एक तर हसतात, नाही तर आपल्याला कळलं असं दाखवतात. मामांनी दोन्ही केलं नाही. एका भल्यामोठ्या चित्रापुढे ते दोन्ही हात पसरून उभे राहिले. बाजूला एक केस मोकळे सोडलेली, वहीत काही उतरवून घेणारी मुलगी होती. म्हाताऱ्या माणसाने चित्रापुढे असे हात पसरलेले बघून तिला भरून आलं. "काय वाटतंय तुम्हाला?" तिने हळूच विचारलं.

"पावणेदोन वाव," मामा म्हणाले. "आता दार बघून येतो. हे आत आणलं कसं?"

ती मुलगी हुशार निघाली. चित्रं चौकटीवरून उतरवून गुंडाळूनही नेतात, असं तिने समजावलं. मामा प्रभावित झाले. "म्हणजे सुट्टे भाग आणून साइटवर जोडणी," त्यांनी डायरीत टिपलं. मग ती त्यांना प्रदर्शनात चित्र किती उंचीवर टांगतात, उजेड कुठल्या कोनातून सोडतात, हेही सांगत बसली. कलेबद्दल त्या दोघांत चकार शब्द झाला नाही आणि दोघं एकमेकांवर बेहद्द खूष होते.

दुसऱ्या दिवशी भायखळा. बुधवारी राणीची बाग बंद असते, त्यामुळे मी वार बघूनच बेत आखला होता. बागेला लागून डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय. भाऊ दाजी म्हणजे डॉक्टर, संस्कृतचे पंडित, जुन्या नाण्यांचे आणि शिलालेखांचे वेडे. आधीचं नाव व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट म्युझियम. १९७५ मध्ये भाऊंचं नाव मिळालं. हा संग्रह मुळात फोर्टातल्या बराकीत होता, पण १८५७ च्या धामधुमीत लष्कराला जागा हवी झाली आणि तिथून सगळं हलवताना पुष्कळसं मोडलं.

"इथेही लष्कर?" मामांनी डायरी चाळली. "कालच्या इमारतीतही लष्करच घुसलं होतं. म्युझियम बांधलं की यांना वास कसा लागतो?"

या इमारतीची पायाभरणी १८६२ ची, उद्घाटन १८७२ चं. फक्त दहा वर्षं. मामांना ते कमीच वाटलं. पण आत गेल्यावर बिडाचे रंगवलेले खांब, नक्षीचे कठडे, पायाखालच्या रंगीत मिंटन फरश्या आणि छतावरचं सोनेरी काम बघून ते पहिल्यांदाच गप्प झाले. बोलले ते बऱ्याच वेळाने: "दुरुस्ती कुणी केली?"

महानगरपालिका, इंटॅक आणि जमनालाल बजाज फाउंडेशन यांनी २००३ मध्ये करार केला, मी सांगितलं, आणि २००८ मध्ये म्युझियम पुन्हा उघडलं.

"तीन एजन्सी आणि काम पुरं झालं?" मामा माझ्याकडे संशयाने बघायला लागले. "वाचलंस कुठे?"

"युनेस्कोचा पुरस्कारही मिळाला. २००५ मध्ये."

"आणि उघडलं २००८ ला. म्हणजे बिलाआधी ॲडव्हान्स." मामांचा जीव भांड्यात पडला. जगाची रीत कुठे फार बिघडलेली नव्हती.

मामींना मात्र त्यांचं म्युझियम इथे सापडलं. मातीची इवली इवली माणसं, नाना धंद्यांतली, नाना जातीजमातींची, तऱ्हेतऱ्हेच्या पगड्या घातलेली. मामी प्रत्येकापुढे थांबत होत्या आणि ओळख पटल्यासारख्या हसत होत्या. त्या मला दाखवत होत्या: ही नेसण कुठली, हा पदर कुठला, ही पाटी डोक्यावर घेतली की मान कशी धरावी लागते. दोन मजले त्या अशा फिरल्या. मी कितीतरी पाहुण्यांबरोबर तिथे गेलोय. ती माणसं मी पहिल्यांदा नीट बघितली ती मामींच्या बोटाबरोबर. मामा वरच्या गॅलरीत कठड्याशी वाकून बोल्ट मोजत होते.

बाहेर आलो आणि दगडी हत्ती दिसला.

घारापुरीचा हा हत्ती. ज्याच्यावरून पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा म्हटलं, तोच. इंग्रजांनी १८६४ मध्ये तो उचलून विलायतेला न्यायचं ठरवलं. उचलताना क्रेन तुटली, हत्ती आपटला आणि त्याचे तुकडे झाले. मग ते तुकडे मुंबईत पडून राहिले आणि १९१४ मध्ये जोडून हत्ती पुन्हा उभा केला गेला.

मी हे सांगत असताना मामा हत्तीभोवती फिरत होते. एक प्रदक्षिणा, दुसरी प्रदक्षिणा. सांधे शोधत होते. एका ठिकाणी बोट ठेवलं, लगेच काढून घेतलं आणि आजूबाजूला पाटणवाला पहारेकरी आहे का बघितलं.

"क्रेन तुटली म्हणजे साखळी गेली की बूम?"

"ते माहीत नाही, मामा."

"भार काढलाच नसणार. दगडाचं वजन कुणी विचारलं असेल, तर 'असेल काही तरी' म्हणून सांगितलं असणार. वरून साहेबाची घाई. बोट सुटायची वेळ झाली." ते हळूहळू त्या १८६४ च्या धक्क्यावर जाऊन उभे राहिले होते. आवाजही ऑफिसातला झाला. "चौकशी बसली असणार. कुणावर बसली असेल?"

"साहेबावर?"

मामा माझ्याकडे बघून इतक्या दयेने हसले की मी ओशाळलो. "साहेबावर कधी बसते का? साहेबाने आदल्या दिवशीच रजा टाकलेली असते. बसली असणार ओव्हरसियरवर. 'भाराची खातरजमा न करता काम केल्याबद्दल आपणावर कारवाई का करू नये?' दोन वार्षिक वेतनवाढी रोखल्या असणार. कायमस्वरूपी." त्यांनी डायरी मिटली. "आणि १९१४ ला हत्ती जोडला, तेव्हा त्याला कुणी बोलावलंही नसेल."

"पन्नास वर्षांनी तो कुठला जिवंत असायला, मामा?"

"पेन्शनवर असला तर असतो," मामा ठामपणे म्हणाले. "पेन्शनवाली माणसं लवकर जात नाहीत."

तेवढ्यात मामींनी हाक मारली. त्यांना पेंग्विन बघायचे होते. राणीच्या बागेत हंबोल्ट पेंग्विन आल्यापासून म्युझियममधून निघालेला प्रत्येक मराठी माणूस तिथेच जातो. खरं तर पुष्कळसे तिथेच निघालेले असतात आणि म्युझियम वाटेत लागतं. काचेपलीकडे ते काळेपांढरे पक्षी लगबगीने इकडून तिकडे चालले होते. पोरं काचेला चिकटलेली. मामी पोरांत मिसळून कुठल्या पेंग्विनची चाल कुणासारखी आहे ते ठरवत होत्या, आणि एक तर अगदी ह्यांच्यासारखा चालतो म्हणून मला बोट करून दाखवत होत्या. तो पक्षी मान वर करून छताकडे बघत होता.

मी मामांना शोधायला वळलो. ते पेंग्विनच्या बाजूला नव्हते. पलीकडच्या भिंतीला कान लावून उभे होते, आणि गणवेशातला एक तरुण कर्मचारी त्यांच्याशेजारी तसाच भिंतीला कान लावून उभा होता.

"कॉम्प्रेसर," मामांनी मला हाताने गप्प राहायची खूण करत सांगितलं. "दोन आहेत. दुसरा जरा उशिरा उचलतोय. हा सांगतोय, साइटवर जेई आहेत, बोलावून घेतो. तू मामीला चहा पाज."

मामींनी चहा घेतला, वर मक्याचं कणीसही खाल्लं. जेई, म्हणजे ज्युनिअर इंजिनिअर, आले. पोरगेलासा, घामाघूम, हातात फाइल. आजोबांची तक्रार असेल म्हणून तो येतानाच खुलासा तयार करून आला होता. मामांनी त्याला बाकावर बसवलं, पाण्याची बाटली दिली, आणि पहिला प्रश्न विचारला तो असा:

"लेखी कळवलंस ना वर? जावक नंबर घेतलास?"